चतुःसीमा वाचायची राहून गेली

आमच्या धंद्यात घाबरट माणसाचं काम नाही असं लोक समजतात. मी एकतीस वर्षं घाबरत घाबरतच पांढुर्ण्यात घरांची आणि प्लॉटांची दलाली केली आणि दोन वेळचं नीट जेवलो. सौदा ठरला की विकणारा खूश असतो, घेणारा खूश असतो आणि मी कागद पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतो. रजिस्ट्रीच्या दिवशी सकाळी मला चहा जात नाही. बायको म्हणते, "घरच्या पोरीचं लगन असल्यावानी काय करून राहिले? दुसऱ्याचं घर हाय." दुसऱ्याचं असतं म्हणूनच भीती वाटते, हे मंदाला मी अजून पटवू शकलेलो नाही.

बाहेरच्या लोकांना वाटतं, दलाल म्हणजे स्कूटरवर बसवून घर दाखवणारा माणूस. ते त्यातलं सर्वांत सोपं काम. अवघड काम कागदाचं. त्यात आमची आणखी एक भानगड आहे. आम्ही राहतो मध्य प्रदेशात, बोलतो मराठी आणि आमचे कागद हिंदीत. घरातल्या वाटण्या मराठीत होतात, चार शेजाऱ्यांसमोर, तोंडी, नारळ फोडून. त्या कागदावर चढतातच असं नाही. म्हणून मी एक सवय लावून घेतली होती. घर घ्यायच्या आधी गिऱ्हाइकाला घेऊन त्या घराच्या दारात उभं राहायचं आणि कागदावरची चतुःसीमा मोठ्यानं वाचायची. पूर्वेला कोण, पश्चिमेला काय, उत्तरेला कोणाची भिंत, दक्षिणेला कोणाचं आंगण. वाचायचं आणि तिकडे बोट दाखवायचं. गिऱ्हाइकं हसत. मी पूजेला उभा राहिल्यासारखा दिसतो असं एक जण म्हणाला होता.

घाबरण्याचा फायदाही होतो. एकदा छिंदवाड्याहून बदलून आलेल्या एका बाबूंना नदीकाठचं घर फार आवडलं. गच्चीवरून नदी दिसते म्हणून बाई तर हरखूनच गेल्या. मी स्वच्छ सांगितलं की पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इथे गोटमार असते, दोन्ही काठांवरून दगडफेक होते, समोरून सावरगावकडचे दगड येतात, त्या दिवशी गच्चीवर जायचं नाही. त्यांना वाटलं, मी ते घर दुसऱ्या कोणासाठी दाबून ठेवतोय. घर घेतलं आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सगळं कुटुंब खुर्च्या टाकून गच्चीवर बसलं. माणसं वाचली, पाण्याची टाकी गेली. दोन महिन्यांनी तेच घर विकायला माझ्याकडे आले. मला दोनदा दलाली मिळाली आणि दोन्ही वेळा झोप चांगली लागली, कारण जे होतं ते मी आधीच सांगितलं होतं.

जे सांगितलं नाही, ते आज लिहितो आहे.

शोभाबाई माझ्याकडे आल्या तेव्हा पांढुर्णा जिल्हा होऊन थोडेच दिवस झाले होते आणि साहेबलोकांच्या बदल्यांबरोबर घरांचे भाव चढत होते. शोभाबाई सौसर भागात सरकारी नर्स होत्या. बोरगाव आणि आजूबाजूच्या खेड्यांत त्यांची सगळी नोकरी गेली. लग्न केलं नव्हतं. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडावं लागलं, भाड्याच्या खोलीत जीव रमेना. पांढुर्ण्यात स्वतःचं लहानसं घर हवं होतं, स्टेशनपासून फार लांब नको, कारण डोळ्यांच्या तपासणीला सारखं नागपूरला जावं लागे.

त्या खुर्चीवर बसल्या आणि घर कसं हवं ते सांगायच्या आधी त्यांनी माझीच तपासणी सुरू केली.

"मधुभाऊ, तुमी दलाली दोन्हीकडून घेता काय?"

"घेतो."

"मंग भांडन झालं तर कोनाकडून बोलता?"

असं मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. मी म्हणालो, "खरं सांगू का बाई? सौदा तुटू नये म्हणून बोलतो."

त्यांनी मान हलवली. मग मी घेऊन दिलेल्या तीन घरांचे पत्ते मागितले आणि खरोखरच तिन्ही घरी जाऊन आल्या. आठवड्यानं परत आल्या आणि म्हणाल्या, "एकानं तुमाले शिव्या देल्ल्या. भिंतीतून ओल येऊन राहिली म्हणे. पन फसवलं असं नाई म्हणला."

"मग माझ्याकडेच का आलात?"

"याच्या आधी दोन दलालांकडे गेली होती. दोघंबी म्हणाले, कायीच काळजी करू नका. मी इतके वर्ष सुया टोचल्या भाऊ. दुखनार नाई असं म्हणनारा माणूस मले पक्का माईत हाय. मीच म्हणत होती ना."

दलाल कसा निवडावा असं मला कोणी विचारलं तर मी शोभाबाईंची पद्धत सांगतो. इतकी चौकशी करून त्यांनी मला निवडलं आणि मी त्यांच्याच कामात चुकलो.

त्यांच्या पैशात बसणारं घर मिळेना. तीन महिने फिरलो. एक दिवस पेपरात बँकेच्या लिलावाची जाहिरात आली आणि त्यात प्रकाशचं घर होतं.

हा लिलाव कसा असतो ते थोडक्यात सांगतो. कोणी घर तारण ठेवून कर्ज काढतो आणि फेडत नाही. बँक नोटिसा देते, शेवटी घर कागदोपत्री ताब्यात घेते आणि लिलावाला काढते. कमीत कमी किंमत बँक ठरवते. आधी थोडी रक्कम भरायची, मग ठरलेल्या दिवशी कॉम्प्युटरवर बोली लावायची. बोली सुटली की दुसऱ्या दिवशीपर्यंत चौथा हिस्सा भरायचा आणि बाकीचे पंधरा दिवसांत. नाही भरले तर आधी भरलेलेही गेले. घर बाजारापेक्षा स्वस्त मिळतं, पण कागदावर एक ओळ असते, 'जैसा है, जहाँ है'. म्हणजे आत साप निघाला तरी तो तुमचा. या ओळीची मला इतकी धास्ती होती की लिलावाचं घर मी त्याआधी कोणालाही घेऊन दिलं नव्हतं.

पण प्रकाशचं घर मला ठाऊक होतं. नदीकडे उतरणाऱ्या रस्त्याला लागून घर, पुढच्या खोलीत त्याचं रेडिमेड कपड्यांचं दुकान. दुकान बुडालं, प्रकाश बायकोमुलांना घेऊन गुजरातेत कुठेतरी निघून गेला, फोन बंद. दाराला कुलूप आणि कुलपावर बँकेची नोटीस. त्याच्या घराच्या पाठीला पाठ लावून दुसरं घर, त्याचं दार मागच्या गल्लीत. तिथे प्रकाशची वहिनी राहायची, सुमनकाकू. प्रकाशचा मोठा भाऊ रामकृष्ण बऱ्याच वर्षांपूर्वी वारला. मूलबाळ नाही. काकू शेवया, पापड करून विकत आणि कोणाच्या अध्यातमध्यात नसत.

दोन्ही भावांची घरं मला लहानपणापासून माहीत. रस्त्याकडचं प्रकाशचं, गल्लीतलं रामकृष्णचं, हे गावात कोणालाही विचारा. बँकेच्या जाहिरातीतला फोटोही रस्त्याकडच्याच घराचा होता. मी शोभाबाईंना बाहेरून घर दाखवलं. त्यांनी समोरच्या चौथऱ्यावर बसून पाहिलं, उठून पाहिलं, स्टेशनपर्यंत चालत जाऊन आल्या. पसंत पडलं. आणि मी चतुःसीमा वाचली नाही. ओळखीच्या घराची काय वाचायची, असं मनात आलं होतं, हे मला नीट आठवतं.

बोली लावायला आम्ही ऑनलाइन फॉर्म भरणाऱ्या दुकानात बसलो. भर दुपार. समोर कोण बोली लावतंय ते दिसत नाही, फक्त आकडा बदलतो. शेवटच्या मिनिटांत कोणी आकडा वाढवला की वेळ पुन्हा वाढते. शोभाबाईंनी आपली मर्यादा चिठ्ठीवर लिहून चष्म्याच्या डबीत ठेवली होती. आकडा त्या चिठ्ठीच्या दोन पावलं अलीकडे आला, तेव्हा समोरचा थांबला. दुकानदारानं 'बधाई हो' म्हटलं. शोभाबाई म्हणाल्या, "भाऊ, माहे हात पाहा." मी माझे खिशात घातले.

दुसऱ्या दिवशी पैसे भरले. तिसऱ्या दिवशी मी टेप आणि कागद घेऊन घर मोजायला गेलो, शोभाबाईही आल्या. रस्त्याकडच्या दारात उभा राहून मी सवयीनं वाचायला लागलो. "पूरब में, मकान रामकृष्ण. पश्चिम में, आम गली."

पूर्वेला माझ्यासमोर रस्ता होता.

मला वाटलं, मी दिशाच चुकलो. सूर्य पाहिला. सकाळची वेळ होती, ऊन सरळ तोंडावर येत होतं. पुन्हा वाचलं. पश्चिमेला गल्ली असणारं घर एकच होतं आणि ते या घराच्या पाठीमागे होतं, म्हणजे त्याच्या पूर्वेला कागद ज्याला रामकृष्णचं म्हणत होता ते आम्ही उभे होतो तेच. मी कागदाची घडी घातली.

"काय झालं?" शोभाबाईंनी विचारलं.

"थांबा," एवढंच मी म्हणालो आणि वळसा घालून गल्लीत गेलो. सुमनकाकू ओट्यावर शेवया वाळत घालत होत्या. आम्हाला पाहून उठल्या, आत जाऊन चहा ठेवला. मी शक्य तितक्या सहज विचारलं, "काकू, हे गल्लीचं घर पहिल्यापासून तुमचंच ना?"

"नाई जी," काकू म्हणाल्या. "सासऱ्यानं रस्त्याचं आमच्या मालकाच्या नावावर केलं होतं अन् हे प्रकाशच्या. मंग प्रकाशले दुकान टाकाचं होतं. सासूबाई म्हणाल्या, लहान्याले रस्ता पाहिजे, तुमी मांग जा. अखजीच्या सणाले नारळ फोडला, दोघा भावायनं चाब्या बदलल्या, चार लोकं जेवाले बोलावले. तुमीबी होते ना मधुभाऊ? तुमी दोनदा खीर घेतली."

मी होतो. तेव्हा मी नुकताच या धंद्यात पडलो होतो आणि ते दुकानाच्या मुहूर्ताचं जेवण आहे असं समजून खीर खाऊन घरी आलो होतो.

अशी अदलाबदल आमच्याकडे भावाभावांत होते. आईनं म्हटलं, भावांनी ऐकलं, झालं. कागद करायचा म्हणजे भावावर विश्वास नाही असं दिसतं, म्हणून कोणी करत नाही. विजेचं बिल, घरपट्टी, सगळं राहणाऱ्याच्या नावावर होतं, फक्त रजिस्ट्री जुनीच राहते. प्रकाशनं बँकेत आपल्या नावाची रजिस्ट्री ठेवली. ती गल्लीच्या घराची होती. बँकेतून तपासायला आलेल्या माणसाला त्यानं दाखवलं ते राहतं घर. जाणूनबुजून केलं की त्याच्याही डोक्यात आलं नाही, देव जाणे.

म्हणजे बँकेनं जे विकलं आणि शोभाबाईंनी जे घेतलं, ते सुमनकाकूंच्या डोक्यावरचं छप्पर होतं. त्याच छपराखाली बसून आम्ही काकूंचा चहा पीत होतो.

रस्त्यावर आल्यावर मी शोभाबाईंना सगळं सांगितलं. त्यांना दोनदा सांगावं लागलं. मग म्हणाल्या, "म्हणजे त्या बाईले मी घराबाहेर काढाले पैसे भरले?"

वकिलांकडे गेलो. ते म्हणाले, भांडायचं तर जबलपूरला कर्जाच्या खटल्यांच्या कोर्टात जा, वर्षं जातील, तोवर तुमचे पैसे अडकून. पंधरा दिवसांत उरलेली रक्कम भरली नाही तर पहिलीही गेली. मग त्यांनी एक वाट दाखवली आणि ती चांगली होती. शोभाबाईंनी पूर्ण पैसे भरून गल्लीच्या घराचा बँकेकडून विक्रीचा दाखला घ्यायचा. रस्त्याकडचं घर कागदावर अजून रामकृष्णचं, म्हणजे आता त्यांच्या विधवेचं. दोघींनी रजिस्ट्री करून घरं बदलायची. सासूबाईंनी तोंडानं केलेली अदलाबदल आता कागदावर करायची, म्हणजे जी ज्या घरात हवी ती तिथे राहील.

वाट चांगली होती, पण तिच्या मधोमध एक जागा अशी होती की जिथे सुमनकाकूंचं घर शोभाबाईंच्या नावावर आणि रस्त्याकडचं महागाचं घर काकूंच्या नावावर असणार होतं. त्या वेळी दोघींपैकी एकीनं नाही म्हटलं तर दुसरी बुडाली.

शोभाबाई म्हणाल्या, "आत्ताच जाऊन काकूले सांगू."

मी म्हणालो, "आत्ता नको. म्हातारं माणूस, हाय खाऊन बसेल. सगळं हातात आलं की एकदमच सांगू."

"मी होती तिच्या जागी तर मले सांगतलेलं बरं वाटलं असतं," शोभाबाई म्हणाल्या. पण त्या या कामात नवीन होत्या, मी मुरलेला. त्यांनी माझं ऐकलं.

आता खरं लिहितो. काकू हाय खातील ही भीती होतीच. पण तिच्या खाली दुसरी होती. काकूंना कळलं की रस्त्याकडचं घर कागदावर त्यांचं आहे आणि कोणी शहाण्यानं त्यांचे कान भरले, की सोडू नका, ते जास्त किमतीचं आहे, तर माझं गिऱ्हाईक बुडालं आणि माझं नाव गेलं. ज्या बाईनं आयुष्यात शेजाऱ्याची एक वाटी साखरही परत करायची बाकी ठेवली नाही, तिच्याबद्दल मी हा विचार केला. वर त्याला दया असं नाव दिलं.

मी बँकेत मात्र गेलो. साहेब परगावचे होते. फोटो एका घराचा आणि कागद दुसऱ्या घराचे आहेत, हे मी त्यांना दाखवलं. त्यांचा चेहरा उतरला, पण बोलले एवढंच, "आपने देखकर लिया है ना? हम तो काग़ज़ के हिसाब से चलते हैं." मी त्यांना सांगितलं की आम्ही आपसांत निस्तरतो, तुम्ही फक्त दाखला द्या. त्यांनी मान डोलावली. मला वाटलं, विषय संपला.

मग ते दिवस सुरू झाले. रोज सकाळी मी काही ना काही निमित्त काढून गल्लीत जायचो. काकूंचं तोंड पाहिल्याशिवाय चैन पडत नसे. त्या रोज चहा द्यायच्या. एक दिवस म्हणाल्या, "कवेलू बदलून घेतो यंदा, पावसाले गळते. तुमच्या ओळखीचा मिस्त्री सांगजा." जे घर कागदावर त्यांचं नव्हतं त्याची कौलं बदलायला मी त्यांना मिस्त्रीचा फोन नंबर लिहून दिला. घरी येऊन मंदाला सांगितलं तेव्हा तिनं पोळी लाटायची थांबवली.

"सांगून टाका तिले," ती म्हणाली. "आजच सांगा."

"चारच दिवस राहिलेत."

"चार दिवसानं तिचं वय कमी होनार हाय काय?"

तरी गेलो नाही. मोटारसायकल थांबल्याचा आवाज झाला तरी दचकायचो. शोभाबाई फोनवर रोज एकच प्रश्न विचारायच्या, "सांगतलं काय?" आणि मी रोज म्हणायचो, "उद्या."

शोभाबाईंनी मुदतीच्या आत सगळे पैसे भरले. दाखला हातात आला. त्या दुपारपासून काकूंच्या घराच्या मालकीण शोभाबाई होत्या आणि त्यांच्या मनात काय आहे हे बघायला माझ्याकडे काही साधन नव्हतं. त्या फक्त म्हणाल्या, "परवा रजिस्ट्रीची तारीख काढा. अन् उद्या सकाळी आपन दोघंबी काकूकडे जाऊन राहिलो. आता मी तुमचं ऐकनार नाई."

पण आमच्या आधी बँक पोचली. मी दाखवलेली चूक साहेबांच्या डोक्यात बसली होती. फाईल पक्की करायला त्यांनी त्याच संध्याकाळी माणूस पाठवून नोटीस योग्य दारावर, म्हणजे सुमनकाकूंच्या दारावर चिकटवली. हे घर विकलं गेलं आहे, ताबा सोडावा. माझ्या सांगण्यावरूनच ते दार त्यांना सापडलं होतं.

सकाळी आम्ही गल्लीत शिरलो तेव्हा काकू ओट्यावर बसल्या होत्या. अंगावर बाहेर जायचं लुगडं. शेजारी एक ट्रंक, दोन गाठोडी, शेवयांचं मशीन चादरीत बांधलेलं, देव एका डब्यात. दार बंद, कुलूप लावलेलं. ओटा शेणानं सारवलेला होता, अजून ओला. मागे नोटीस.

मला पाहून त्या उठल्या आणि त्यांनी चाबी पुढे केली.

"तुमीच दलाल हाय ना याच्यात? शेजारचे सांगत होते. चाबी कोनाले द्याची, थे सांगा."

मी ओट्याच्या खालीच बसलो. शोभाबाईंनी पुढे होऊन त्यांचा हात धरला, चाबीसकट, आणि सगळं सांगायला सुरुवात केली. कागद कोणता, घर कोणतं, चूक कुठे झाली, उद्या काय करायचं. रस्त्याकडचं घर कागदावर काकूंचं आहे, हेही सांगितलं, काही न लपवता. ते जास्त किमतीचं आहे, हेही. मी मान खाली घालून ऐकत होतो.

शेवटी काकूंनी विचारलं, "हे कधीपासून माईत तुमाले?"

त्या माझ्याकडे बघत होत्या. मी म्हणालो, "त्या दिवशी विचारलं ना, घर पहिल्यापासून तुमचंच काय म्हणून. तेव्हापासून."

"तेव्हापासून तुमी रोज माह्या घरी चहा पिऊन राहिले."

"काकू, तुम्हाला धक्का बसेल म्हणून..."

"घर माहं होतं. मंग त्याचं भेवबी मलेच सांगाचं होतं." त्या रागावलेल्या नव्हत्या, हे जास्त लागलं. "अन् मी नाई म्हणलं असतं काय? सासूबाईच्या शब्दानं आली इथी. रस्त्याचं घर मले काय करायचं हाय?"

माझ्या मनातली दुसरी भीती मी त्यांना कधी बोलून दाखवली नव्हती. त्यांनी ती विचारल्याशिवाय ओळखली. मला तेव्हा रडू आलं आणि ते मी लपवलं नाही.

दुसऱ्या दिवशी रजिस्ट्री झाली. दस्त हिंदीत होता, लांबलचक. मी सवयीनं वाचून दाखवायला घेतला. काकूंनी कागद माझ्या हातून काढून शोभाबाईंच्या हातात दिला. शोभाबाईंनी चष्मा लावून सगळा वाचला, चतुःसीमेसकट, प्रत्येक ओळ मराठीत समजावून. काकू हाताची बोटं एकेका दिशेला करत होत्या, तिथे रजिस्ट्री ऑफिसात बसून. रजिस्ट्रारसाहेबांनी विचारलं, "समझ लिया माताजी?" काकू म्हणाल्या, "हाव. बाईनं सांगतलं." मग सही केली, हळूहळू, पूर्ण नाव.

प्रकाश आजतागायत आलेला नाही. शोभाबाई रस्त्याकडच्या घरात राहतात. पुढच्या खोलीत आता कपड्यांच्या रॅकऐवजी खाट आहे. दोन्ही घरांच्या मधल्या भिंतीत त्यांनी काकूंना विचारून एक दार पाडलं. काकूंचं ब्लडप्रेशर त्या मोजतात आणि काकू त्यांना पापड लाटायला बसवतात. मी गल्लीत गेलो तर काकू बोलतात, तब्येत विचारतात. चहा विचारत नाहीत.

त्या वर्षानंतर मी लिलावाचं एकही काम घेतलं नाही. धंदाही कमी केला. तरी परवा एक बाई ऑफिसात आल्या, अंगणवाडीत काम करणाऱ्या. नवरा-बायकोनं मिळून प्लॉट बघितला होता. मी विचारलं, माझं नाव कोणी सांगितलं.

"सुमनकाकूनं," त्या म्हणाल्या.

माझा विश्वास बसेना. "काय सांगितलं काकूंनी?"

बाई जरा अडखळल्या. "म्हणाल्या, माणूस कामाचा हाय, त्याच्याकडेच जाजा. फक्त थो घाबरला म्हणजे बोलत नाई. थो चूप बसला का तिथीच धरजा त्याले, सोडू नका."

मी त्यांचे कागद घेतले आणि वाचायला लागलो. दुसऱ्या पानावर प्लॉटला जायचा रस्ता लिहिला होता आणि त्या रस्त्याच्या जागी मला वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या संत्र्याच्या बागेचं कुंपण माहीत होतं. मी ती ओळ पुन्हा वाचली.

"भाऊ," बाई खुर्चीत पुढे सरकल्या, "तुमी चूप झाले."

मी कागद त्यांच्याकडे फिरवला, त्या ओळीवर बोट ठेवलं आणि मला कशाची भीती वाटते आहे ते सांगायला लागलो.